प्रतिपालकत्वातली लेक पंधराची झाली, पुढचं काय ठरवावं?

मांजराकाठ
८ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. लै दिवसांपासून लिहीन लिहीन म्हणतेय अन् राहून जायलंय. आम्ही लातूरजवळ, औशाच्या बाजूला राहतो. मी झेडपीच्या शाळेवर आहे, आमचे मालक शेती बघतात, पोरगा पुण्याला इंजिनिअरिंगला. चार वर्षांमागं बाल कल्याण समितीच्या आदेशानं एक लेक आमच्याकडं आली, प्रतिपालकत्वात, म्हणजे फोस्टर केअरमध्ये. आली तेव्हा अकराची होती, आता पंधरा पूर्ण, नववीला आहे. वडील वारले, आईनं दुसरं घर केलं, दोन्ही लेकरं आजीकडं राहिली, आजी गेली अन् मग बालगृह. आई नंतर एकदाही भेटायला आली नाही. मागच्या वर्षी सगळी चौकशी होऊन समितीनं तिला दत्तकासाठी मुक्त, म्हणजे कायद्यानं दत्तक देता येईल असं, जाहीर केलं.

आता पुढच्या महिन्यात समितीपुढं आढावा आहे अन् तिथल्या मॅडमनी विचारलंय की लेकराचं कायमचं काय ठरवलंय ते सांगा.

आम्हाला वाटलं सोपं आहे, दत्तक घेऊ. पण ती नको म्हणते.

आली तेव्हा संगं एक निळी पत्र्याची पेटी होती, किल्ली नाडीत ओवून गळ्यात. मी कपाटातला एक खण रिकामा करून दिला तर वर्षभर त्यात एक कपडा ठेवला नाही तिनं. धुवायचं, वाळवायचं, घडी करून परत पेटीत, वरून कुलूप. काहून गं असं विचारलं तर म्हणली, जायच्या टायमाला धांदल नको. दुसऱ्या वर्षी दिवाळीत कधीतरी फ्रॉक खणात दिसला, मी काही बोलले नाही, मालकांना तेवढं हळूच दाखवलं.

परवा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात पंधरा-वीस माणसं होती. आलेल्या प्रत्येकाला ही सांगायली, आमच्या रानातला हरभरा खाऊन बघा, आमची विहीर बघा. मला इतकं बरं वाटलं. अन् रात्री भांडी घासताना, मान खाली घालून, विचारते, "मी अठराची झाल्यावर पुढच्या येळवशीला मला बोलवाल का?"

बोलवाल का म्हणली ती. पाव्हण्यासारखं. तेव्हापासून मला झोप नाही.

दत्तकाचं विचारलं तर दोनच गोष्टी सांगते. एक, पप्पांचं नाव काढायचं नाही, त्यांचं तेवढंच माझ्यापाशी राहिलंय. दुसरी, तिचा भाऊ. तो आता अकराचा, दुसऱ्या जिल्ह्यात मुलांच्या बालगृहात आहे. "मी तुमची झाले तर तो माझा भाऊ राहील का?" मला उत्तर देता आलं नाही.

ज्यांनी मोठी लेकरं सांभाळली किंवा जे स्वतः संस्थेत वाढले त्यांनी मोकळेपणानं सांगा. कडू असलं तरी चालेल.

हुरडा_पार्टी
८ जानेवारी, रात्री ११.०५

ताई मला यातलं काहीच कळत नाही पण दोनदा वाचलं. घरात सगळे झोपलेत अन् मी मोबाईल घेऊन ओट्यावर बसलोय. जाणकार लोकांनी लिहा.

निवृत्त_पीओ
९ जानेवारी, सकाळी ७.२०

ताई, मी परिविक्षा अधिकारी म्हणून आपल्या भागातल्या तीन जिल्ह्यांत नोकरी केली. आधी एक घोळ निस्तरतो. आपल्याकडं बालसंगोपन म्हणलं की लोकांना वाटतं हेच फोस्टर केअर. पण राज्याच्या बालसंगोपन योजनेत बहुतेक लेकरं स्वतःच्या आईकडं, आजीकडं, मामाकडंच असतात अन् घराला मदत म्हणून महिन्याला २२५० रुपये मिळतात, २०२३ च्या आधी ११०० होते. तुमचं वेगळं. तुम्ही रक्ताच्या कोणी नाही, समितीनं लेकरू तुमच्या हवाली केलंय, त्याला केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिना ४००० ची तरतूद आहे.

दत्तकाच्या नियमात तुम्ही बसाल असं वाटतं. ८ ते १८ वयाच्या लेकरासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ११० पर्यंत चालते, एकटं कुणी घेत असेल तर वय ५५ पर्यंत. लेकरात अन् पालकात किमान २५ वर्षांचं अंतर लागतं. पूर्वी फोस्टरमध्ये ५ वर्षं काढल्यावर दत्तकाचा विचार व्हायचा, २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत ते २ वर्षांवर आणलंय. आदेशही आता कोर्टाचा नाही, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी काढतात. आमच्या वेळी दत्तकाची फाईल कोर्टात महिनोन्महिने पडून असायची.

पण तुमची लेक जे विचारतेय ते एकदम बरोबर आहे. दत्तकाचा आदेश झाला की कायद्यानं जन्माच्या घराशी नातं संपतं, जन्मदाखल्यावर आईबाप म्हणून तुमची नावं येतात. मोठ्या लेकराची संमती नसेल तर दत्तक होत नाही, अन् व्हायलाही नाही पाहिजे. घाईनं सही घ्यायला जाऊ नका.

आता भावाचं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात फोस्टर केअरच्या कलमातच लिहिलंय की भावंडांना एकत्र ठेवायचे सगळे प्रयत्न करायचे. चार वर्षांत हा विषय कुणी काढला नाही का? मला याचं खरं वाईट वाटतंय. मुलींची संस्था वेगळी, मुलांची वेगळी, म्हणून भावंडं दोन जिल्ह्यांत जातात अन् फाईली पण दोन होतात. मग प्रत्येक टेबलावर एकेकटं लेकरू दिसतं. आढाव्यात पहिला अर्ज भावासाठी द्या. ताबडतोब घरी आणा असं नाही, आधी भेट मागा, मग सुट्टीत राहायला मागा.

तेरणाकाठची
९ जानेवारी, सकाळी ९.४८

पीओ साहेबांचा मान ठेवून वेगळं बोलते. मी दोन मुली दत्तक घेतल्यात, एक दोन वर्षांची असताना, एक नऊची असताना. माझं मत आहे की दत्तकच घ्या, समजावून घ्या पण घ्या. फोस्टरचा आदेश लेकराच्या अठराव्या वर्षी संपतो. त्यानंतर दवाखान्यात सही कुणाची, पासपोर्टला पालक कोण, तुमच्या माघारी तिचा हक्क काय? काही नाही. उद्या तुम्हाला दोघांना काही झालं तर ती तुमच्या दारात परकी. माझ्या मोठीला नवव्या वर्षी आणलं तेव्हा तिला पण नाव बदलायचं नव्हतं, रडायची. आज बावीसची आहे, स्वतः म्हणते बरं केलंत. लेकरांना त्या वयात पुढचं दिसत नाही, ते आपण बघायचं असतं.

सातबारा
९ जानेवारी, दुपारी १.१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. शेत आहे म्हणताय, म्हणजे भावकी आहे. दत्तक घेतली की हिस्सेदार झाली, दीर-भाचे गप बसणार नाहीत. अन् पोरीची जात. तीन वर्षांत अठराची होतीय, चांगलं स्थळ बघून लग्न लावून द्या, कन्यादानाचं पुण्य पण मिळेल अन् तिला हक्काचं घर पण मिळेल. एवढा विचार करायचं कारण नाही.

बिंदुसरा
९ जानेवारी, दुपारी १.५२

सातबारा भाऊ, मी बीडची आहे म्हणून बोलते. आमच्याकडं पोरीला हक्काचं घर म्हणून लवकर उजवतात अन् दसरा झाला की ती नवऱ्यासंगं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला. एक नवरा अन् एक बायको मिळून एक कोयता धरतात, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्यावर मिळते, म्हणून पण लग्नं होतात आमच्या तालुक्यात. शाळा सुटती, विसाव्या वर्षी दोन लेकरं असतात. ही लेक आईबापावाचून चार वर्षांत नववीपर्यंत आलीय, तिला सासर हे राहायची जागा म्हणून देऊ नका हो. जागा तिला आधी हक्काची पाहिजे, म्हणजे उद्या सासरी काही झालं तर ती उठून कुठं येईल हे तिला माहीत असेल. माहेर म्हणतात त्याला.

सातबारा
९ जानेवारी, दुपारी २.३०

ताई तुमचं पटलं. मी लिहिताना आमच्या चुलत बहिणीचा विचार केला नव्हता, आता आठवली. पण भावकीचा मुद्दा मी सोडत नाही, तो खरा आहे. त्यावर नंतर नीट लिहितो.

निवांत_परभणीकर
९ जानेवारी, संध्याकाळी ६.०१

थोडं विषयांतर. आमच्या गल्लीत एक म्हातारी दोन नातवंडं सांभाळतीय, पोरगा-सून दोघं करोनात गेले. तिला बालसंगोपन मिळेल का?

निवृत्त_पीओ
९ जानेवारी, संध्याकाळी ६.४०

मिळू शकतं, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करायला लावा. अन् दोन्ही पालक करोनात गेले असतील तर २०२१ ला राज्यानं अशा लेकरांच्या नावानं ५ लाखाची ठेव केली होती, केंद्राची पीएम केअर्सची वेगळी होती. त्यांची नावं त्या याद्यांत होती का ते आधी बघा. म्हातारीला एकटीला पाठवू नका, संगं जा.

निवांत_परभणीकर
९ जानेवारी, संध्याकाळी ६.४४

सोमवारी मी स्वतः घेऊन जातो.

चौथा_बाक
१० जानेवारी, रात्री १२.३३

मी सहाव्या वर्षापासून अठरापर्यंत बालगृहात होतो. कुठल्या ते लिहीत नाही. इथं कधी लिहिलं नाही पण "बोलवाल का" वाचून राहवलं नाही.

मला अठरा पूर्ण झाले त्या आठवड्यात एक फाईल, झेरॉक्स अन् एक बॅग हातात मिळाली. अनुरक्षणगृह म्हणून काही असतं, एकवीसपर्यंत तिथं राहता येतं, हे मला नंतर दोन वर्षांनी दुसऱ्या पोराकडून कळलं. आमच्यातला एक जण वाळूजला कंपनीत होता, त्याच्या रूमवर गेलो, कंत्राटी काम लागलं. जॉइनिंगचा फॉर्म भरताना एक चौकट होती, अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं, नाव, नातं, फोन. मी ती कोरी सोडली. ऑफिसमधला माणूस म्हणला, हे भरल्याशिवाय घेता येत नाही. मी दहा मिनिटं पेन धरून बसलो. मग चौथीच्या गुरुजींचा नंबर टाकला, तो एकच नंबर मला पाठ होता कारण त्यांनी वहीच्या मागं लिहून दिला होता. नात्याच्या जागी काय लिहावं कळेना, काका लिहिलं.

पहिल्या दिवाळीला कंपनी चार दिवस बंद, मेस बंद, रूमवरचे पाचही जण गावाला गेले. जाताना प्रत्येकजण विचारायचा, तू कधी निघणार? मी म्हणायचो, रात्रीच्या गाडीनं. चार दिवस चहा अन् पारले बिस्किटं. तिसऱ्या दिवशी गुरुजींना फोन केला, फॉर्मवर तुमचं नाव टाकलंय, विचारलं नाही, माफ करा म्हणलो. ते काहीच बोलले नाहीत थोडा वेळ. मग म्हणले, परभणीची गाडी किती वाजता आहे बघ अन् ये. तेव्हापासून प्रत्येक दिवाळी तिथंच. काकूंनी माझ्या नावाचं ताट पण केलंय.

तेरणाकाठची ताई कागदाचं म्हणतात ते पण खरंच. २०१८ ला अनाथांना १ टक्का समांतर आरक्षण आलं, त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं, मी गेलो तर माझ्या जुन्या संस्थेत माझं रजिस्टर सापडेना. दीड वर्ष हेलपाटे घातले, तोवर भरती निघून गेली. तेव्हा मांजराकाठ ताई, दत्तक होवो न होवो, तिच्या समितीच्या सगळ्या आदेशांच्या प्रती, प्रवेशाची तारीख, वडिलांचा मृत्यूचा दाखला, आजीचा, शाळेचे दाखले, सगळं आत्ताच गोळा करा. ती बालगृहात असतानाचं पण. नंतर माणसं बदलतात, कपाटं हलतात.

अन् तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर द्या. दत्तकाच्या आधी. ते उत्तर द्यायला समिती लागत नाही.

हुरडा_पार्टी
१० जानेवारी, सकाळी ६.५०

चौथा बाक भाऊ, आमचं घर जालन्यात स्टेशनच्या मागं आहे. तुमची परभणीची गाडी इथंच थांबती. गुरुजींचा हक्क मोडायचा नाही, पण जाता-येता उतरत चला, डबा तयार असेल.

मांजराकाठ
१० जानेवारी, सकाळी ८.१२

चौथा बाक, तुम्ही लिहिलेलं मालकांना वाचून दाखवलं. ते उठून बाहेर गोठ्यात गेले.

आल्यावर त्यांनी तिला हाक मारली, पुढ्यात बसवलं अन् सांगितलं, "तू येळवशीला यायचं का हे विचारायचं नाही. पूजेची कोप बांधायला कडबा तूच द्यायचा, तुझ्याशिवाय कोप उभी राहायची नाही." एवढंच. ती हसली अन् शाळेला गेली. कळलं का नाही मला अजून माहीत नाही.

खुलताबाद_रोड
१० जानेवारी, सकाळी ११.२०

अस्सलामु अलैकुम अन् नमस्कार. आपा, तुमच्या लेकीचं बापाच्या नावाचं ऐकून मला आमच्या घरातलं आठवलं. आमच्यात यतीम लेकराला सांभाळणं फार मोठं पुण्याचं मानतात पण लेकराला त्याच्या बापाच्याच नावानं हाक मारा असं शिकवलेलं आहे. माझ्या अब्बांनी त्यांच्या दोस्ताचा मुलगा सांभाळला, आमच्यासोबत जेवला, झोपला, मार पण आमच्याइतकाच खाल्ला, शाळेत नाव मात्र त्याच्या बापाचं. आज अम्मीला दवाखान्यात तोच नेतो. बापाचं नाव राहिलं म्हणून तो आमचा कमी झाला असं कधी वाटलं नाही.

दत्तक कायद्यानं पण घेता येतं आम्हाला, सुप्रीम कोर्टानं २०१४ लाच सांगितलंय की बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं. आमच्या नात्यात एकीनं घेतलंही. दोन्ही घरं चांगली चाललीत. तेव्हा तिला जबरदस्ती नको.

किल्लारीचा
१० जानेवारी, रात्री ९.३७

मी ३० सप्टेंबर १९९३ ला आठ वर्षांचा होतो. पहाटे चारच्या सुमाराला घर गेलं, आई, वडील, धाकटी बहीण. आमच्याकडची बरीच लेकरं भारतीय जैन संघटनेनं पुण्याला वाघोलीला नेऊन शिकवली, माझे दोन मित्र तिकडं गेले अन् चांगले शिकले. मला आत्या घेऊन गेली उमरग्याला. ती गरीब होती, तिची स्वतःची चार होती. पण तिनं काय केलं सांगतो. माझ्या बापाचं दोन एकर रान होतं, ते तिनं कुणाला बळकावू दिलं नाही, अठरा झालो त्या वर्षी तलाठ्याकडं नेऊन माझ्या नावावर लावून दिलं. तोवर दर उन्हाळ्यात मला तिथं न्यायची, बांधावर उभं करायची, म्हणायची हे तुझं आहे. मी कधी कधी चिडायचो, मला तिथं जायला भ्या वाटायचं.

सांगायचं हे की तिच्या वडिलांच्या बाजूचं काही असेल, घर, जागा, काही, तर ते बघा. अन् बापाचं नाव ठेवू द्या. मी अजून आत्याला आत्याच म्हणतो. पण तिच्या प्रेताला मीच खांदा दिला अन् अग्नी पण मीच दिला, तिच्या पोरांनी मला पुढं केलं.

तेरणाकाठची
११ जानेवारी, सकाळी १०.०५

सगळं वाचलं. माझ्या मोठीला पण वाचायला दिलं. ती म्हणली, आई तू लिहिलंस ते बरोबर आहे पण मला भाऊ नव्हता. एवढं एकच वाक्य. मी मुकाट्यानं मान्य केलं.

तरी माझा मुद्दा आहेच. नाव नको तर नको, पण कागदावर काहीतरी पक्कं करा. नुसत्या मायेवर लेकरू सोडू नका.

सातबारा
११ जानेवारी, दुपारी १२.२५

तेच लिहायला आलोय. मी दस्त लिहिण्याचं काम करतो. दत्तक नसेल तर वारसाहक्क आपोआप लागत नाही, त्यासाठी मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, पण नोंदणी करून टाका, भावकीचं तोंड बंद होतं. साक्षीदार तुमच्याहून तरुण घ्या, एक डॉक्टर असला तर उत्तम. एक मात्र बघा, जमीन मालकांच्या वडिलोपार्जित हिश्श्यातली असेल तर ते फक्त स्वतःच्या वाट्यापुरतंच लिहू शकतात. तुमच्या पगारातून घेतलेलं काही असेल तर ते तुमचं तुम्ही बिनधास्त लिहू शकता. अन् तुमच्या पोराला आधी सांगा. त्याला मागाहून कळलं तर त्या पोरीलाच त्रास होईल. कागद मी फुकट लिहून देतो.

जायकवाडी
११ जानेवारी, रात्री १०.५८

कडू चाललं तर म्हणालात म्हणून सांगते. आमच्याकडं तेरा वर्षांचा मुलगा होता, सात महिन्यांत परत गेला. तो वाईट नव्हता. रात्री भाकरी उशीखाली लपवायचा, खोटं बोलायचा, एकदा दुकानातून पैसे घेतले. मी वैतागले की म्हणायचे, असं वागलास तर परत पाठवीन. मला वाटायचं धाकानं सुधरेल. तो प्रत्येक वेळी बघायचा की मी खरंच पाठवते का, अन् शेवटी मी पाठवलंच. न्यायला आले तेव्हा त्यानं माझ्या पाया पडून सांगितलं, चुलत्याच्या घरी पण असंच झालं होतं. आज तो कुठं आहे मला माहीत नाही. संस्थेत विचारलं तर म्हणले अठराचा होऊन गेला.

भाऊ येईल तेव्हा तो ताईसारखा नसेल. अकरा वर्षांचा मुलगा, चार वर्षं तिथं काढून आलेला. रागाच्या भरात सुद्धा ते वाक्य तोंडातून काढू नका. मला मदत मागता आली असती, समुपदेशक मागता आला असता, मी मागितला नाही.

बिंदुसरा
११ जानेवारी, रात्री ११.१४

जायकवाडी ताई, हे लिहायला किती जड गेलं असेल. समितीकडं अर्ज करून विचारा त्याच्याबद्दल. पत्ता देणार नाहीत कदाचित, पण तुमची चिठ्ठी त्याच्यापर्यंत पोचवा म्हणून सांगता येईल.

निवांत_परभणीकर
१३ जानेवारी, दुपारी ४.४५

म्हातारीचा अर्ज दिला. नातवाचं आधार अपडेट नव्हतं, ते पण केलं. अन् मांजराकाठ ताई, येळवशीच्या भज्जीत तुम्ही कोणकोणत्या डाळी घालता? आमच्या सौभाग्यवती औशाच्या, त्यांचं म्हणणं परभणीकरांना जन्मात जमायची नाही.

मांजराकाठ
१३ जानेवारी, रात्री ८.२०

वहिनी बरोबर म्हणतात. तूर, हरभरा, वाटाणा, वाल, सगळे ओले दाणे, संगं पातीचा कांदा, मेथी, हरभऱ्याचा पाला, गाजर, वांगं, जे रानात असेल ते, अन् डाळीच्या पिठाला आंबट ताक लावून आळायचं. पण चुलीवर अन् पंधरा-वीस माणसांचीच करायची, दोघांची केली तर चव येत नाही.

निवृत्त_पीओ
१४ जानेवारी, सकाळी ७.०५

तिळगूळ घ्या सगळ्यांनी. ताई, आढाव्याला जाताना तिला बोलू द्या, तुम्ही बोलू नका. तिला हवं तर घरी एका कागदावर लिहून आणू दे. समितीत अध्यक्ष अन् चार सदस्य असतात, लेकरू एवढ्या मोठ्या माणसांपुढं गप होतं अन् मग "मुलीची हरकत नाही" असं लिहिलं जातं. मी स्वतः असं लिहिलंय, पूर्वी. तिच्या वैयक्तिक आराखड्यात तिच्याच शब्दांत लिहून घ्या. भाऊ, नाव, दहावीनंतर काय शिकायचं, अठरानंतर कुठं राहायचं, तिथपर्यंत. अठरानंतरच्या मदतीचं पण आत्ताच विचारा, मिशन वात्सल्यमध्ये आफ्टरकेअरला महिना ४००० आहेत, २१ पर्यंत, काही वेळा २३ पर्यंत. ते मुख्यतः संस्थेतून बाहेर पडणाऱ्या लेकरांसाठी आहे, म्हणून तिचं नाव कसं बसतं ते लेखी घ्या.

मांजराकाठ
२० फेब्रुवारी, रात्री ९.५०

आढावा झाला. तिनं वहीचं पान लिहून नेलं होतं. समोर उभी राहिली, हात थरथरायले होते, पण वाचलं सगळं. "मला यांच्याकडंच राहायचं आहे. माझं नाव तेच राहू द्या. माझ्या भावाला मी चार वर्षांत दोनदा बघितलंय, त्याला आता माझी उंची पण माहीत नाही. तो आल्यावर आम्ही दोघं मिळून दत्तकाचं सांगू." एक सदस्य म्हणाले, बाळा, दत्तकात तुझाच फायदा आहे. ती म्हणली, "हो सर, पण आधी तो."

भावाच्या समितीला पत्र गेलंय, आमच्या घराची गृहचौकशी परत होणार. सध्या फोस्टर पुढं चालू, सहा महिन्यांनी पुन्हा आढावा. मृत्युपत्राचं पोराला सांगितलं, तो म्हणला, मला कळत होतं तुम्ही दोघं काहीतरी लपवताय, कराच. सातबारा भाऊ, शनिवारी येतो.

चौथा_बाक
२० फेब्रुवारी, रात्री ११.३०

"हो सर, पण आधी तो." मी हे गुरुजींना फोन करून सांगितलं.

मांजराकाठ
११ जून, रात्री १०.१५

मंडळी, माफ करा, मध्ये लिहिणं झालं नाही. एप्रिलमध्ये दोन भेटी झाल्या, मे महिन्यात तो पंधरा दिवस राहून गेला अन् परवा आदेशानं आमच्याकडं आला. त्याच्या पण हातात पत्र्याची पेटी, हिरवी. जेवताना ताटाला हात लावून धरतो, कुणी उचलून नेईल असं. जायकवाडी ताई, उशीखाली भाकरी निघाली काल. मी तुमचं आठवून काही बोलले नाही. रात्री डब्यात दोन भाकरी त्याच्या उशाला ठेवल्या अन् सांगितलं, ह्या तुझ्याच आहेत.

ताईशी पहिले दोन दिवस लाजून बोलत नव्हता. आज कपाटावरून भांडणं झाली. तिचं म्हणणं वरचा खण माझा, हा म्हणतो मी उंच होणार आहे, वरचा मला. दोघांनी पार आरडाओरडा केला, मालक आतून हसायले होते.

एक विचारायचंय. त्याच्या जुन्या शाळेनं टीसी दिला नाही अजून, उद्या-परवा देऊ म्हणतात. सहावीला घालायचंय, सोमवारी शाळा सुरू होते. आमच्या गावात सहावी नाही म्हणून शेजारच्या शाळेत न्यायचाय, ते टीसीवाचून बसू देतील का?

बिंदुसरा
११ जून, रात्री १०.३१

बसू द्यावंच लागतं. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात आहे, आठवीपर्यंत टीसी उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तुम्ही स्वतः शिक्षिका, मुख्याध्यापकांना कलम ५ दाखवा. अन् तिसरा खण करून घ्या सुताराकडून.